वाळ्याचा वास आणि तिची झोप

समोरच्या गॅलरीत आज कूलर निघाला. शेजाऱ्यानं गेल्या सालचं काळं पडलेलं गवत ओढून काढलं, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, वर बादलीभर पाणी मारलं, आणि तो वास गल्ली ओलांडून माझ्या खोलीत येऊन बसला. दिल्लीच्या मयूर विहारात या वासानं लोकांना बरं वाटतं. मी खिडकी ओढून घेतो. उभी नोकरी मी सरकारी दफ्तरात खलाशी, म्हणजे हरकाम्या गडी होतो. साहेबलोकांच्या खिडक्यांना ताट्या ठोकायच्या, दुपारभर त्या भिजत ठेवायच्या, हेच काम. वास सदऱ्यात मुरायचा, नखांत राहायचा. संध्याकाळी घरी आलो की ती म्हणायची, "आले का बाप्पा, दफ्तराचा गारवा घेऊन? थोडा घरात पण सांडा." ती म्हणजे माझी बायको. गेल्या थंडीत गेली.

मी सातवी शिकलेला माणूस, मला गोड करून सांगता येत नाही. वाळ्याचा वास आला की तिची झोप जायची. दोन्ही एकाच हंगामात. बाहेर ऊन चढायला लागलं की तिच्या आतही काहीतरी चढायचं.

आमच्या सरकारी क्वार्टरांत एप्रिल म्हणजे निळ्या झेंड्यांची जयंती. विदर्भातून आलेली आम्ही मूठभर घरं, कुणी क्लार्क, कुणी ड्रायव्हर. वर्षभर हिंदीत जगायचं आणि त्या दिवशी गळा मोकळा करून मराठीत गायचं. ती तर महिनाभर आधीच सुटायची. बोलणं असं की एका वाक्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. सगळी निजली की ही जिना धुवायला घ्यायची, आणि सकाळी बघावं तर चेहरा ताजा, जशी काही पोटभर झोपून उठली. कपाटातल्या चांगल्या साड्या जिन्यावर भेटेल त्या बाईला देऊन टाकल्या. एकदा मंत्र्याच्या बंगल्याकडे निघाली, "त्यांना खीर खायला बोलावते, माझं ते ऐकतात." गेटवरच्या शिपायानं परत पाठवली, तर त्यालाच तासभर भाषण दिलं. अडवलं की अंगावर यायची. पण स्टेजवर उभी राहून गायला लागली की मंडप हलायचा. बायका म्हणायच्या, "ताई, तुमच्यात तर करंट आहे हो!" आणि मला टोमणा, "भाऊजी, तुम्ही अगदीच थंडे. शिका काही बायकोकडून."

आता लिहितो ते आमच्या माणसांना कडू लागेल. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर ते म्हणाले असते, हिच्या अंगात येतं. उपाय चुकीचा केला असता, पण काहीतरी बिघडलंय एवढं तरी त्यांना दिसलं असतं. आमच्या बापजाद्यांनी धम्म घेतला आणि देवऋषी, अंगारा, अंगात येणं सगळं सोडलं. बरंच केलं, त्यातलं काहीही मी परत उंबऱ्याच्या आत घेणार नाही. पण जुना शब्द टाकला आणि त्या जागी नवा कुणी दिलाच नाही. मग जी बाई झोपत नाही, जेवत नाही, थांबत नाही, तिला आम्ही कार्यकर्ती म्हटलं. हार घातला. पुढच्या रांगेत बसवलं.

आणि दिवाळीच्या सुमाराला, इथली हवा धुरकट व्हायला लागली की तीच बाई विझायची. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केसांचा गुंता, अंगाला पाणी नाही, ताटातलं वरण निवून त्यावर साय धरायची. कुकरची शिट्टी झाली तरी दचकून रडायची. म्हणायची, "मी तुमच्या घराला लागलेली वाळवी आहे, मला काढून टाका." बायका दारातूनच बघून जायच्या. "दमली हो बिचारी. समाजासाठी किती झिजते." वर गेली तर उत्साह, खाली आली तर थकवा. आजार कुणीच म्हटलं नाही.

एका जयंतीला ती स्टेजवरून उतरेचना. माईक घ्यायला आलेल्या माणसाच्या हाताला कडकडून चावली, तेव्हा आम्ही तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिनं पहिलंच विचारलं, "बाबाजी, ये सोती कितना हैं?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग ती म्हणाली, "दो बीमारियाँ नहीं हैं, एक ही है. कभी ऊपर ले जाती है, कभी नीचे." नाव बायपोलर. "न इनका क़सूर, न आपका. शुगर जैसा समझिए, अच्छी लगें तब भी दवा बंद नहीं करनी." गोळी लिथियमची. तो म्हणे मिठाच्या जातीचाच एक क्षार. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर विष, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. दिल्लीच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही. उलट्या-जुलाब लागले, चाल झोकांडली, हात फारच थरथरले तर घरी थांबायचं नाही, सरळ इस्पितळ. झोप तुटायला लागली की ती पहिली घंटा. मरणाचं बोलली तर एकटं सोडायचं नाही. मी ते सगळं पाठ केलं.

गोळीनं ती बरी झाली, म्हणजे जमिनीवर आली. अंग थोडं सुटलं, तहान वाढली, चहाचा कप बशीत किणकिणायचा. "घ्या, तुमचा चहा वाजत वाजत आला," म्हणायची. पण निजायची. शेजारी एक माणूस शांत झोपलंय, एवढ्यानं मला श्रीमंत वाटायचं. एप्रिलात नवी ताटी मी बसवायचो आणि ती तांब्यानं भिजवायची. भिजवताना हळू गुणगुणायची, सूर जरा खाली, मधेच श्वास घ्यायला थांबून.

ते गाणं बाकीच्यांना पुरेना. आमच्या बुद्धविहारात बायका मायेनंच म्हणायच्या, "ताई, गोळ्यांनी पार मवाळ झालात. यंदा पहिल्यासारखं होऊन जाऊ द्या!" आणि शेवटच्या जयंतीला झालं पहिल्यासारखं. मंडप पुन्हा हलला. मला तिचे डोळे बघूनच कळलं. इस्पितळात नेलं तर तिथं हसत बसली, माझी तब्येत झकास आहे, म्हणाली, आणि रक्त न देताच निघून आली. पुढे हवा धुरकट झाली आणि ती उतरली, तेव्हा स्वतःच बोलली, "गोळी गालात धरून मोरीत टाकत होते. मला एकदा तसं गायचं होतं हो." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण खाली जाणारं माणूस आणि हळूहळू चढणारी गोळी, दोघांची गाठच पडली नाही. कशी गेली ते लिहीत नाही. कुणी म्हणालं, सुटली. सुटली नाही. कावीळ नेते, टीबी नेतो, तसं तिला या आजारानं नेलं.

परवा शेजारची आली. या जयंतीला विहारात तिच्या फोटोला हार घालणार आहेत. तिनं मोबाईल काढला, "भाऊजी, ताईंचं मागच्या वर्षीचं गाणं आहे. तेच लावणार आहोत. बघा, किती खुश होत्या!" मी ऐकलं. आवाज मोठा, चढा. आणि दोन ओळींच्या मधे श्वासच नाही. मागून कुणी पळवत आणल्यासारखी ती गात होती.

मी म्हटलं, "ताई, हे लावू नका."

"अहो, त्यांचं इतकं चांगलं गाणं..."

"ती आजारी आहे त्यात. बिल्कुल लावू नका. लावायचंच असेल तर आधी उभं राहून आजाराचं नाव सांगा, आणि गोळी का सोडायची नाही तेही. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो."

तिनं फोन पदराखाली घेतला. मग म्हणाली, "तुम्हीच सांगा."

सांगीन. मला भाषण येत नाही, पण सांगीन. इतकी वर्षं मला एकच कोडं होतं, ती वरची बाई माझी की खालची. परवा ते उलगडलं. माझी ती मधली, तांब्या धरून थरथरणारी, श्वास घ्यायला थांबणारी. आज समोरच्यांचं बघून मीही आमच्या कूलरला ताटी बसवली. पाणी मारलं आणि तिथंच उभा राहिलो. तिचं ते हळू गुणगुणणं कुणाच्याच मोबाईलमध्ये नाही.