डावी बाजू न सोडणारे काका

जुळे सोलापूरबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर पहाटे एक काका पळतात. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. साखर वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून सुरुवात केली. वळताना हात दाखवतात, पुढच्याला उजवीकडूनच मागे टाकतात आणि रस्त्याची डावी बाजू काही केल्या सोडत नाहीत. मागून दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतात, ऊस हातभर बाहेर लोंबतो आणि कोणी जाब विचारत नाही. पाठीला डोळे असतात का?

'उजवीकडून पळा, म्हणजे समोरचं वाहन दिसेल' हे रस्ता सुरक्षेचं पत्रक मीच लिहिलंय, पहाटे पळणाऱ्यांना वाटतेही मीच. त्यांना तीनदा दिलं.

"तीस वर्षं डावीकडनं गाडी चालवली, ताई. एक ओरखडा न्हाय."

"तेव्हा तुम्ही बसमध्ये होता की, काका. आता नुसत्या बनियनवर आहात."

ते हसले आणि डावीकडूनच निघाले.

काल ट्रॉलीतला ऊस त्यांच्या खांद्याला घासून गेला. वाद सोडून मी सरळ त्यांच्या शेजारी पळायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागे पाहिलं, हात आडवा करून येणारी एक रिक्षा थांबवली आणि रस्ता ओलांडून मला पलीकडे, उजवीकडे नेलं.

"आता तुमी हाय की संगं," ते म्हणाले. "प्याशिंजर असल्यावर धोका घ्यायचा न्हाय."

उद्यापासून चार दिवस मी अकलूजला पत्रकं वाटायला जाणार आहे. इथे ते एकटेच पळतील.