घोंगडीवरची पलटण

सहा फूट उंचीचा, भरघोस मिशांचा, एक गुडघा कायमचा ताठ झालेला माणूस आमच्या अंगणात हातांवर आणि एका गुडघ्यावर रांगत असे. दुसरा पाय मागे फरफटत यायचा. त्याच्या पाठीवर माझा दोन वर्षांचा सदू बसलेला असायचा, आणि पुढे घोंगडीवर पालथी पडलेली पाच महिन्यांची इंदू मान उचलून त्या प्रचंड तोंडाकडे पाहत लाळ गाळत असायची. हवालदारबाबा म्हटलं की मला अजून पहिल्यांदा हेच दिसतं. गावात ते हातात काठी घेऊन ताठ चालायचे. देवळासमोरच्या कट्ट्यावरची माणसं त्यांना पाहून विडी लपवायची. हाच माणूस आमच्या अंगणात आला की जमिनीला लागायचा.

इस्लामपूरच्या अलीकडे, कृष्णेच्या काठच्या एका खेड्यात मला दिलेलं होतं. माहेर साताऱ्याचं, शहरातलं. मराठी सहावीपर्यंत शिकलेली सून म्हणून माझं थोडं कौतुक होतं. दुसरी मोठी लढाई पेटल्यावर घरोघरचे लोक भरती झाले, तसे सदूचे वडीलही झाले. ते बोटीवर चढले तेव्हा इंदू पोटात होती. ती झाली आणि माझं काहीतरी बिनसलं. दूध पुरेना, झोप लागेना, आणि मुलांकडे बघावंसंही वाटेना. मांडीवर मूल असायचं आणि मी भिंतीकडे बघत बसायची. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या माझ्या दीरांबरोबर पहाटेच उसात जायच्या. घरी मी आणि ही दोन मुलं.

सदू त्या दिवसांत वाईट वागायचा. इंदूला चिमटे काढायचा. एकदा त्याने चुलीतली राख मूठभर आणून तिच्या तोंडावर टाकली. मी त्याला धरून बडवलं, इतकं की माझाच हात दुखला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सूनबाई, मारू नगा त्याला."

शेजारचे हवालदारबाबा उभे होते. मी पदर पुढे ओढला.

"त्याची नेमणूक गेलीया," ते म्हणाले. "काल पातुर घरात त्योच एकटा धनी व्हता. आता दुसरं कुनीतरी आलं आन् याला कुनी काय कामच सांगंना. शिपायाला काम न्हाई दिलं की त्यो बिथरतोय. थोरल्याला हुद्दा द्या, मंग त्यो धाकट्याला मारायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते आपली काळी घोंगडी घेऊन आले, शेवग्याच्या सावलीत अंथरली आणि कवायतीत रांग लावायचा हुकूम सोडला, "पलटन, फालीन!" सदू दचकला. मग त्यांनी त्याला घोंगडीच्या टोकाशी उभा केला, नाईक केला आणि इंदूला मधोमध पालथी ठेवून तिला कर्नलसाहेब केलं. "कर्नलसायबाला हालता येत न्हाई," त्यांनी सदूला समजावलं, "म्हनून सगळं नाइकाला करावं लागतंय."

मक्याची दाणे सोललेली बुरकुंडं गोळा करून आणायची आणि त्यांचा किल्ला रचायचा, हे नाईक सदाशिवाचं काम. चार थर झाले की बाबा इंदूला उचलून किल्ल्याजवळ आणायचे. ती हातपाय झाडायची, किल्ला कोसळायचा. पहिल्या दिवशी सदूने भोकाड पसरलं. बाबांनी त्याला जवळ घेतलं. "आरं गड्या, बांधनारा तू, पाडनारी ती. तिनं पाडलाच न्हाई तर उद्या तू काय बांधशील?" चार-पाच दिवसांत सदू स्वतःच ओरडू लागला, "इंदे, पाड!" आणि ती पाडायची. ती हसायची तेव्हा तो माझ्याकडे वळून बघायचा, जणू तिला हसवणं हा त्याचा शोध होता.

दुसरा खेळ पितळी लोट्याचा. सदूने एकेक चिंचोका वरून लोट्यात टाकायचा. टण्ण आवाज झाला की इंदू मान वळवायची, दुसऱ्या आवाजाची वाट बघायची. खेळ सुरू होताना बाबा चिंचोके मोजायचे आणि संपल्यावर पुन्हा मोजायचे. एकदा एक कमी भरला तर त्यांनी सगळी घोंगडी झटकली, इंदूच्या तोंडात बोट घालून पाहिलं, सदूच्या मुठी उघडल्या. चिंचोका त्यांच्याच धोतराच्या निऱ्यांत सापडला. घामाने डबडबलेले बाबा खाली बसले. "हसू नगा सूनबाई," ते म्हणाले. "धाकटं पोर सारं जग तोंडात घालून बघतंय. बघू द्यावं, पन आपला डोळा हालू देऊ नये."

आणि पटक्याचा खेळ. डोक्याचा पटका सोडून ते दोघा भावंडांवर पांघरायचे आणि बाहेरून हाका मारायचे, "आरं, माझी पलटन कुठं गेली? आत्ता तर हितं व्हती!" आतून सदूचं दाबलेलं हसू यायचं, आणि नंतर त्याला पाहून इंदूचंही. मी दारात बसून बघायची. मला हसू यायचं नाही, पण मी भिंतीकडे बघणं सोडून अंगणाकडे बघू लागले होते.

कट्ट्यावरची त्यांच्या बरोबरीची माणसं टिंगल करायची. "हवालदार, दाई झालासा काय?" बाबा काठी टेकत निघून जायचे. एकदा मात्र मी त्यांचं उत्तर ऐकलं. "व्हय," ते म्हणाले, "भरती उशिरा झाली, एवढंच."

त्याचा अर्थ मला आत्याबाईंनी सांगितला. मागच्या लढाईत बाबा इराकात बसऱ्याला गेले, तेव्हा घरी बायको आणि रांगता मुलगा होता. ते तिकडे असतानाच मुलगी झाली. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. आठ दिवसांत तिघंही गेली. "पोरगी तीन म्हयन्याची व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "त्यानं तिला बगितलीच न्हाई. गुडघ्यात गोळी घिऊन आला, तर दाराला कडी. पुन्ना लगीन काय केलं न्हाई."

त्या दिवसानंतर मी त्यांच्या समोर पदर पुढे ओढायचं सोडून दिलं.

सदूच्या वडिलांना पत्र लिहायचं ते मी. बाबांना पलटणीत शिकलेली रोमन अक्षरं आणि कामापुरतं इंग्रजी तेवढं यायचं, मराठी लिहिता-वाचता यायचं नाही. एकदा मी पत्र लिहून वाचून दाखवलं. ऊस चांगला आहे, तांबडी म्हैस व्याली, सर्व क्षेम. बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"म्हशीचं कशाला लिवता?" ते म्हणाले. "मलाबी असंच पत्र आलं व्हतं. बैल घेतला, ज्वारी बरी हाय. पोरगी झाली एवढं यका वळीत. ती दिसती कशी, हासती का, कुनाची नजर घिऊन आली, कुनी लिवलं न्हाई. मला अजून ठावं न्हाई." मग ते म्हणाले, "पोरगी बसाय लागली ते लिवा. सद्या किल्ला बांधतोय ते लिवा. आन् कागदावर त्यांचा हात ठिवून शिसपेनीनं कड काडा."

इंदूचा हात कागदावर ठरेना. सदूने तो दाबून धरला, बाबांनी कड काढली. शेजारी सदूचा हात. दोन पंजे, एक बोटभर, दुसरा त्याहून दोन बोटं मोठा. नंतर प्रत्येक पत्रात मी खेळच लिहू लागले. लिहायचं म्हणून नीट बघावं लागे, आणि बघता बघता माझं दुखणं कधी उतरलं मला कळलं नाही. उत्तरं यायची, इटलीच्या मुलखातून, मधल्या ओळी सेन्सॉरने काळ्या केलेली. एका पत्रात त्यांनी विचारलं होतं, "कर्नलसाहेब उभे राहिले का?"

कर्नलसाहेब उभे राहिले. चालूही लागले. सदूचा सदरा धरून ती त्याच्या मागे फिरायची. मी पत्र लिहिलं, त्याचं उत्तर मात्र आलं नाही.

मग एका सकाळी पोस्टमन आला. बाबा घोंगडीवर होते, इंदू त्यांच्या मांडीत, सदू किल्ला रचत होता. पोस्टमनने सायकल टेकवली, टोपी काढली आणि मला म्हणाला, "वैनी, लय वाईट झालं. काल तुमाला भेटायचं व्हतं, पन धीर झाला न्हाई."

मला काही कळलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग अंगातल्या कोपरीच्या खिशात हात घालून चौघडी केलेली तार काढली आणि घोंगडीवर ठेवली. इंग्रजी तारा वाचायला पोस्टमन त्यांच्याकडेच द्यायचा; ही त्यांनी 'मी सांगतो' म्हणून ठेवून घेतली होती. ती येऊन चार दिवस झाले होते.

चार दिवस. त्या चार दिवसांत मी रोज कुंकू लावलं होतं. परवाच नव्या बांगड्या भरल्या होत्या. आणि हा माणूस ती तार खिशात ठेवून, माझ्या समोर, माझ्या मुलांना पटक्याखाली लपवून शोधत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"आणि तुम्ही खेळत बसलात?"

"आनखी चार दिस पोरांना बाप ऱ्हाऊ दे म्हटलं," ते म्हणाले. "आज सांगू, उद्या सांगू करीत... मला जमलं न्हाई सूनबाई."

"पुन्हा या अंगणात पाय ठेवू नका," मी म्हणाले.

त्यांनी इंदूला सदूच्या शेजारी बसवलं. घोंगडी गोळा केली. किल्ला मोडू नये म्हणून ती एका बाजूने हळूच ओढून घेतली, तरी बुरकुंडं घरंगळलीच. ते गेले.

नंतरच्या दिवसांचं मला फारसं सांगता येत नाही. सातारचे लोक आले, गेले. सदू रोज दारात उभा राहायचा. "वालदार का येत नाही?" म्हणायचा. एकदा मी त्रासून म्हटलं, "त्यांना रजा दिलीय." तो विचारात पडला. मग म्हणाला, "पण रजा मिळाली की माणूस घरी येतो ना?" मी आत निघून गेले.

बाबा त्यांच्या दारात बसलेले दिसायचे. आमच्या घराकडे पाठ करून बसायचे. त्यांना दम्याने धरलं होतं. रात्रंदिवस खोकला चालायचा. मी ऐकायची. एकदाही गेले नाही. माझ्या रागाला दुसरं कुणी माणूसच नव्हतं. लढाईवर कसं रागवायचं? दिवाळीच्या आधी त्यांची बहीण त्यांना म्हसवडकडे, तिच्या गावी घेऊन गेली. निघताना ते आमच्या दाराशी थांबले असं आत्याबाई म्हणाल्या. मी परसात होते. मुद्दाम होते.

तार आल्यावर सात-आठ महिन्यांनी सदूच्या वडिलांच्या सामानाचं पार्सल पलटणीकडून आलं. वस्तरा, एक लोकरी मफलर, आणि माझी पत्रं. हातांच्या कडा काढलेला कागद सगळ्यांत वर होता. घडीवर फाटला होता, आणि मागून कापडाची बारीक पट्टी लावून कुणीतरी तो जोडला होता. त्यांनीच. शिसपेनीची रेघ जिथे पुसट झाली होती तिथे ती पुन्हा गिरवलेली होती. इंदूच्या पाचही बोटांवरून.

दुसऱ्याच दिवशी मी दीरांना म्हणाले, मला म्हसवडकडे जायचंय. विट्यापर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी. आमच्याकडच्या हिरव्या उसातून निघून त्या माळावर पोचलं की डोळे कोरडे पडतात. मेंढरं, बोरी आणि दगड. बाबा अंगणात बाजेवर पाठीशी वाकळांचा ढीग लावून बसले होते. निजता येत नव्हतं. मिशा गळून गेल्यासारख्या झाल्या होत्या.

मी पाया पडले. ते धापा टाकत म्हणाले, "तार तुमची व्हती. ती दाबायचा हक्क मला न्हवता."

"नव्हताच," मी म्हणाले. मला खोटं बोलवेना. "पण पत्रं तुम्ही लिहायला लावलीत." आणि तो कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उन्हाकडे धरला. त्या छोट्या पंजावरून बोट फिरवलं, गिरवलेल्या रेघेवर थांबले. "म्हंजे त्याला पोचली," ते म्हणाले. "पोरगी."

"पोचली."

ते रडले नाहीत. कागद मला परत देताना त्यांचा हात मात्र सुटेना.

सदू माझ्या लुगड्यामागे लपला होता. त्याला पुढे ढकललं तसा तो गेला आणि बाजेचा पाय धरून उभा राहिला. इंदू मात्र त्यांना पाहून किंचाळली. त्यांनी हात पुढे केला तशी आणखी रडली. मी ओशाळले. "अगं, बाबा आहेत," मी म्हणत राहिले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "या वयात वळख ऱ्हात न्हाई. तिचा काय दोष न्हाई."

पंधरवड्याने बाबा गेल्याचं कार्ड आलं. बहिणीने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, दोन ओळींचं.

सदूला आता कुणीतरी काठी टेकत चालायचं, एवढंच अंधुक आठवतं. इंदूला काहीच नाही. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या हसण्याला जो माणूस कारण झाला, तो तिच्यापुरता कधी नव्हताच. मी तिला अधूनमधून सांगते. ती हातातलं काम न थांबवता ऐकते, आणि "हो का?" म्हणते.