झॉम्बींच्या चुका काढणारे मामाजी

उद्या झॉम्बींनी सगळं जग गिळलं आणि एकच माणूस उरला, तर तो माझा मामेसासरा असेल. शौर्यामुळे नव्हे, तर समोर येणाऱ्या प्रत्येक झॉम्बीच्या चुका काढून त्याला बेजार केल्यामुळे. मामाजींचा जन्म संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात गेला. पुढ्यात आलेली वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची, ठोकून बघायची आणि बहुतेक वेळा नापास करायची, हीच त्यांची नोकरी. ती सुटली तरी हाताची सवय सुटली नाही. माझ्या साखरपुड्याला सगळे जेवत असताना हे एकटे मांडवाचे दोर ओढत फिरत होते. "हा खांब ढिला आहे," म्हणून त्यांनी भर पंगतीतून मांडववाल्याला उठवलं. सगळे हसले. संध्याकाळी वावटळ आली, शेजारच्या मैदानातला मांडव उडाला आणि आमचा जागचा हलला नाही. तेव्हापासून त्यांना बोलायची कोणाची टाप नाही.

असा माणूस व्हिडिओ गेमकडे वळला तो मुलीमुळे. म्हणजे ती घरात नव्हती म्हणून. ती नोकरीला पुण्याला गेली आणि जाताना आपलं खेळायचं यंत्र टीव्हीखाली ठेवून गेली. तिथे तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, पण मामाजींना न विचारता ठरला होता. "तपासणी न करता माल घेतला," एवढंच ते बोलले आणि लग्नाला गेले नाहीत. मामीजी आमच्याबरोबर जाऊन आल्या. पुढची तीन वर्षं बापलेकीत एक शब्द नाही. मामीजी गच्चीवर जाऊन लेकीशी फोनवर बोलायच्या आणि खाली आल्या की हे पेपरात डोकं घालून विचारायचे, "कोणाचा फोन होता?" उत्तर मात्र ऐकून घ्यायचे नाहीत.

मग गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. गावातल्या टेकडीवरच्या मदन महलच्या किल्ल्यावर रोज चढणारा माणूस खुर्चीला खिळला. एका दुपारी त्यांनी टीव्हीखालचा तो डबा चालतो का हे फक्त तपासायला बटण दाबलं. पडद्यावर एक ओसाड शहर उघडलं, आणि मामाजी त्यात शिरले ते शिरलेच.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. रविवारी डबा द्यायला गेले की मला त्या शहराचा तपासणी अहवाल ऐकावा लागे. "हे बघ बेटा, कुऱ्हाड दहा घावांत तुटते. काहून? पोलाद आहे का पापड?" नाहीतर, "हे तीन झॉम्बी बघ, तिघांचा चेहरा एकच. एकाच साच्यातून काढून राहिले!" शंभर घरं दिसतात आणि दारं चारच उघडतात, याचा तर त्यांना मनस्वी संताप. सकाळी साफ केलेली गल्ली दुपारी परत झॉम्बींनी भरते, हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी म्हटलं, "मग सोडून द्या ना, मामाजी." पडद्यावरच्या माणसाला त्यांनी पळत नेलं, भिंतीवरून, पत्र्यांवरून, थेट एका उंच टाकीवर. खाली नदी, पलीकडे डोंगर, मावळतीचं ऊन. "पण हे बघ," ते हळूच म्हणाले, "पाहिजे तिकडे जाता येतं. कोणी म्हणत नाही, जपून उतरा." कोणत्याही वस्तूबद्दल त्यांना इतकं चांगलं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

एका रविवारी मी बसले असताना पडद्यावर सूचना आली. कोणीतरी यांच्या खेळात येऊ पाहत होतं. मी वाचून दाखवलं. "येऊ दे, चलो, दोघं होऊ," मामाजी म्हणाले. लाल जाकिटातली एक बाई आली आणि काही न बोलता यांच्या मागे मागे चालू लागली. मामाजींना चेव आला. त्यांनी एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारली, ती हुकली आणि ते थेट झॉम्बींच्या घोळक्यात पडले. ती बाई धावत आली, घोळका पांगवला, वाकून यांना मलमपट्टी केली. आणि हातातल्या कंट्रोलरमधून आवाज आला, "बाबा, तिथून काहून उडी मारली? कळत नाही का तुम्हाला?"

मामीजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. यंत्रावरचं खातं मुलीचंच होतं. आपलं जुनं नाव रोज दुपारी जागं होतंय, हे ती तिकडे पुण्यात आपल्या नव्या यंत्रावर महिनाभर बघत होती.

मामाजींनी चष्मा पुसला. घसा खाकरला. "छपराला कठडा नाही," ते म्हणाले. "बनवणाऱ्याची चूक आहे."

"अच्छा. चला आता, उजवीकडे गोदाम आहे."

त्यानंतर दर रविवारी दोघं त्या शहरात भेटत. कोणत्या गल्लीत औषध मिळतं, कोणता पूल मोडलाय, कोणी कोणाला वाचवायचं, सगळं बोलत. झॉम्बी सोडून दुसरा विषय काढायची हिंमत दोघांतही नव्हती.

गेल्या महिन्यात ती नवऱ्याला घेऊन आली. दोन दिवस जावई अवघडून बसला, मामाजींनी त्याला सारखा चहा विचारला. परतीच्या गाडीला आम्ही सगळे मदन महल स्टेशनवर गेलो. गाडी सुटताना मामाजींनी खिडकीतून आत हात घालून लेकीच्या डोक्यावर ठेवला, मग जावयाच्या खांद्यावर. गाडी हलली तसे काठी टेकत फलाट संपेपर्यंत तिच्या बरोबरीनं चालत गेले.

परत येताना रिक्षात बराच वेळ बाहेर बघत होते. मग मामीजींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला विचारलं, "लग्नात कोणत्या रंगाची साडी नेसली होती गं? तू होतीस ना?"

"मोरपंखी," मी म्हटलं. "सोनेरी काठाची."

"हं," मामाजी म्हणाले. "चांगली दिसली असेल."