डोझरच्या पात्याला लावलेला हुक

वर्कशॉपच्या कोपऱ्यात भंगार जसं आपोआप साचतं, तशा गोष्टीही साचतात. भंगाराचा वर्षाकाठी लिलाव तरी होतो, गोष्टी मात्र पडून राहतात. साठ सालानंतरची काही वर्षं मी बालाघाटच्या एका सरकारी वर्कशॉपात लेथवरचा टर्नर होतो. मित्र जमले की अजून म्हणतात, "राऊत, तो डोझरच्या हुकाचा किस्सा सांग." आता तो काही एक किस्सा नाही!

आमच्याकडे एक छोटा डोझर होता. समोर माती ढकलायचं रुंद लोखंडी पातं आणि मागे ट्रॉली जोडायचा हुक. तो चालवायचा डोमा बिसेन. कालव्याच्या बांधावर वळायला जागा नसायची. म्हणून ट्रॉली बांधाच्या टोकाशी न्यायची, तर डोमा मैलभर रिव्हर्समध्ये जायचा, मान मागे वळवून. एके दिवशी ती मान तशीच आखडली. तिरप्या मानेनंच तो वर्कशॉपात आला आणि आमच्या वेल्डरला, मेश्राम मिस्त्रीला म्हणाला, "देवानं डोळे समोर देल्ले. मंग तुमी हुक मागं काहून देल्ला?"

मेश्रामनं हातातली विडी विझवली. "हौ," तो म्हणाला. "चूकच आहे ते." आणि पात्यासमोर उकिडवा बसून मापं घ्यायला लागला.

*

ओव्हरसियर साहेब हिंदी मुलखातले. त्यांना हे कळलं तसे धावत आले. "सरकारी ब्लेड में एक भी छेद हुआ, तो तुम्हारी नौकरी में छेद हो जाएगा."

मेश्राम शांतपणे म्हणाला, "छेद नहीं करूँगा साहब. ऊपर से टोपी जैसा पहनाऊँगा. बोल्ट से कसूँगा, जब चाहो निकाल लो."

"पहले ड्रॉइंग दो."

मेश्राम तिसरी शिकलेला. त्यानं खडू घेतला आणि वर्कशॉपच्या फरशीवर अख्खं पातं, टोपी, हुक, बोल्ट, सगळं खऱ्या मापात काढलं. साहेब त्याभोवती दोन चकरा मारून आले. चित्र बरोबर होतं, हीच अडचण होती.

"मगर इसे फाइल में कैसे लगाऊँ?"

"फाइल इधर ले आओ, साहब."

*

टोपीसाठी जुन्या, फेकलेल्या पात्याचा तुकडा घेतला. ते लोखंड फार कडक. पहिलं वेल्डिंग गार होता होता तडकलं. दुसरं टिकलं असं वाटलं, पण हातोडा मारताच उललं. मी म्हणालो, "मिस्त्री, सोडून द्या."

"राऊतभाऊ, लोखंड रागीट आहे. त्याले आधी शेकाव लागते, अन् मंग हळूहळू थंड होऊ द्याव लागते. आपणच घाई करून राह्यलो."

हळूहळू थंड करायला राख हवी, तीही भुशाची. म्हणून मेश्राम वारासिवनीला गेला आणि राइस मिलमधून दोन पोती राख घेऊन बसमध्ये बसला. कंडक्टरनं विचारलं, "बोरी में क्या है?"

"राख."

कंडक्टरनं टोपी काढली. "किसकी?"

"धान की," मेश्राम म्हणाला. पण तोवर आजूबाजूच्या तीन सीट रिकाम्या झाल्या होत्या. दोन्ही पोती आरामात बसून आली.

तापलेली टोपी त्या राखेत आम्ही रात्रभर पुरून ठेवली. सकाळी मेश्रामनं हातोड्याचे वीस घाव घातले. तडा गेला नाही.

*

हुक बसला. मी पिन घडवली. पण ट्रॉली समोर जोडून ढकलायची, तर मागची सवय उलटायची आणि ती भलतीकडेच पळायची. डोमानं पहिल्याच दिवशी ती कुंपणात घातली. दुसऱ्या दिवशीही.

मग त्यानं घरी सराव सुरू केला. बैल सोडून ठेवायचा आणि जू धरून स्वतःच बैलगाडी उलटी ढकलत अंगणात फिरायचा. आठ दिवस. शेवटी बायकोनं विचारलं, "बैल असून तुमी सोताले काहून जुंपलं?"

"बैल चुकत नाही," डोमा म्हणाला. "शिकाचं मलेच आहे."

नवव्या दिवशी त्यानं ट्रॉली दोन झाडांच्या मधून अशी नेली, की साहेबांनीही मान हलवली. तेवढीच. परवानगीचं पत्र काही दिलं नाही.

*

त्याच आठवड्यात राजेगावकडून एक माणूस सायकल हाणत आला. तिकडे एका शेतात विहीर खोदत होते. अचानक झरा फुटला, धोंडा घसरला आणि सोनबा नावाच्या म्हाताऱ्या विहीर खोदणाऱ्याचा पाय त्याखाली अडकला. पाणी कमरेला लागलं होतं. आमच्याकडे इंजिनचा पंप होता, ट्रॉलीवर.

विहिरीकडे जायला एकच बांध, डोझरच्या रुंदीचा. दोन्हीकडे धानाचा चिखल. ट्रॉली मागे जोडून नेली, तर पंप डोझरच्या पाठीशी अडकून राहणार, आणि रिव्हर्समध्ये नेली, तर एवढ्या अरुंद बांधावर मान वळवून चाक दिसणार नाही. पंप पुढेच पाहिजे होता. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बिसेन, चलो. मैं आगे चलता हूँ, रास्ता देखता हूँ."

साहेब चिखलात चप्पल सोडून पुढे, त्यांच्यामागे ट्रॉली, तिच्यामागे डोमा. मी आणि मेश्राम दोन्ही बाजूंच्या चिखलातून हुकावर नजर ठेवून चालत होतो. एका ठिकाणी बांध ढासळला, ट्रॉलीचं चाक अधांतरी आलं. डोमानं पातं वीतभर उचललं, ट्रॉलीचं तोंड वर आलं, चाक पुन्हा मातीवर टेकलं.

पोचलो तेव्हा पाणी सोनबाच्या हनुवटीला होतं. वरून त्याची बायको त्याचं नाव घेऊन हाका मारत होती. पंप सुरू झाला. पाणी छातीला आलं, मग कमरेला. मग चार जण पहारी घेऊन उतरले आणि त्यांनी धोंडा उचलला.

सोनबाला बाजेवर घालून वर काढलं. पाय सुजून काळानिळा पडला होता. बायकोनं त्याच्या तोंडाला चहा लावला. दोन घोट घेतल्यावर त्यानं डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पायाचं विचारतो.

"पंपानं पाणी सारं आटलं का?"

"नाही आजोबा. इंजिन फुल आहे, तरी गुडघ्याच्या खाली जात नाही."

सोनबानं डोळे मिटून घेतले.

"मंग विहीर जमली," तो म्हणाला.