गुरुवारचा जिताडा

गळाला आमिष म्हणून जिवंत बोय मासळी लावायची असेल तर गळ तिच्या पाठीच्या पराखाली, पण कण्याच्या वरून टोचावा लागतो. कण्याला धक्का लागला तर बोय मरते, आणि मेलेल्या बोयीकडे जिताडा ढुंकूनही पाहत नाही. नीट टोचलेली बोय बराच वेळ जिवाच्या आकांताने पोहत राहते. मोठा मासा येतो तो त्या आकांतामुळेच. घोडबंदरच्या खाडीवर मामाने मला शिकवलेला हा पहिला धडा. मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. प्रयोगशाळेत आम्ही बेडूक निदान बेशुद्ध करून कापत असू.

मामा गिरगावातली खोली विकून मीरा रोडला आलेला नोकरदार माणूस. सुट्टी मिळाली की रॉड घेऊन कधी तारोडीच्या खडकांवर, कधी खाडीवर गरवायला जायचा, आणि मी त्याच्या मागोमाग. त्या हिवाळ्यात त्याच्या ऑफिसातली मंडळी अंदमानला जाऊन भर समुद्रात बोटीतून गरवणार होती. एक जागा रिकामी आहे, असे तो म्हणाला. मला ती जागा हवी होती. प्रवाळातले मासे मी केवळ फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत पाहिले होते, आणि पुढचे संशोधन मला त्यांच्यावरच करायचे होते. घरून मला एकटीला इतक्या लांब सोडणे शक्य नव्हते. मामासोबत सोडले असते.

“आधी पाच किलोचा जिताडा काढून दाखव,” मामाने अट घातली. “बोटीवर नुसती माहिती सांगणारं माणूस नकोय आम्हाला.”

माहिती मी तरीही सांगितली. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि वाढत गेला की मादी होतो. पाच किलोचा म्हणजे बहुधा मादीच.

“म्हणजे मोठा झाला की डोकं खायला लागतो म्हण की,” मामा म्हणाला आणि स्वतःच पोट धरून हसला.

तो मासा मिळाला एका गुरुवारी. आदल्या दिवशी पौर्णिमा होऊन गेली होती, त्या दिवशी मामाला सुट्टी होती, आणि दुपारच्या उधाणाने जुन्या धक्क्याच्या खांबांवर पाणी पार वर चढले होते. पाणी वळू लागताच माझे रीळ किंचाळले. जिताड्याने दोनदा पाण्याबाहेर उसळी घेऊन डोके झटकले. दुसऱ्या वेळी गळ त्याच्या जबड्यातून गालापर्यंत फाडत गेला, पण सुटला नाही. मामाने त्याला जाळीत घेतले आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. त्याच्या बाबतीत ही मोठीच दाद होती.

पण मामाचा गुरुवार कडक असे. गुरुवारी तो मासा खात नसे, घरात येऊ देत नसे आणि मारतही नसे. गरवणे मात्र त्याच्या मते खेळात मोडत होते. गुरुवारी मिळालेला मासा तो कल्ल्यातून दोरी ओवून धक्क्याला बांधून ठेवी आणि शुक्रवारी सकाळी मारी. वजनकाटा असलेला त्याचा मित्रही शुक्रवारी ऑफिसला जाण्याआधी येणार होता.

“मामा, दोरी लांब सोड. ओहोटीला इथे सगळा चिखल उघडा पडतो.”

“तू आता मला भरती-ओहोटी शिकव. लांब सोडली तर खांबाला गुंडाळून घेईल आणि कल्ला फाडून निघून जाईल. गेली मग तुझी अंदमानची जागा.”

“मग आत्ताच मारू या ना.”

“गुरुवारी?” त्याने दोन्ही कानांना हात लावले. माशाच्या चिकट्याने ओल्या झालेल्या हातांनीच.

शुक्रवारी सकाळी खाडी आटली होती. जिताडा खांबाच्या बुडाशी चिखलात पडला होता. दोरीने त्याचे डोके वर ओढून धरले होते आणि पोटाशी खेकडे जमले होते. त्यांनी पोट उघडून गाभोळी बाहेर ओढली होती. म्हणजे ती मादीच होती. मागचा भाग काट्यापर्यंत कोरला गेला होता. आणि तरीही कल्ला उघडत होता, मिटत होता. मामा चिखलात उतरला.

“आता शुक्रवार आहे,” असे समाधानाने म्हणत त्याने लाकडाच्या दांड्याने तिच्या डोक्यावर घाव घातला. एका घावात काम झाले नाही.

मित्राने उरलेला मासा काट्याला लटकवला. तीन किलोही भरेना. मी डोक्याची लांबी मोजून सांगितले की अखंड मासा पाच किलोंच्या वरच असणार. डोक्यावरून माशाची लांबी आणि लांबीवरून वजन काढता येते.

“मग खेकडेपण तोलू या का?” मित्र म्हणाला. “तुझा बाकीचा मासा त्यांच्याच पोटात आहे.”

दोघेही चिखलात उभे राहून मनसोक्त हसले.

रात्री मामाकडे त्या डोक्याचे कालवण झाले. मामाने डोके माझ्या ताटात वाढले.

“काढलास तू, मान तुझा. पण अट म्हणजे अट. पुढच्या वर्षी बघू.”

“अहो, अट कसली?” मामी भात वाढता वाढता म्हणाली. “ती जागा तुम्ही दिवाळीतच साहेबांच्या जावयाला देऊन टाकलीत ना?”

मामाने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“दिली. मग? खरं सांगितलं असतं तर हिने इतका जीव लावून मासा काढला असता का?”

मामीला ते पटले असावे. तिने मान डोलावली आणि मला विचारले, “अगं, आणखी कालवण?”

गालाचा तुकडा जिताड्याच्या अंगातला सर्वांत मऊ भाग. त्यात गळाने केलेली चीर अजून दिसत होती. मी तो काट्यापासून सोडवला, खाल्ला आणि वाटी पुढे केली. कालवण उत्तम झाले होते.