नेचेबाई

कुणाच्याही घरी गेल्या की आमच्या मोठ्या बाई आधी विहिरीत डोकावत. माणसांची विचारपूस मग. श्रीवर्धनच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्य बाई म्हणून आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात यावरून गोंधळ झाला. एका सुपारीच्या वाडीत त्या विहिरीच्या काठावर पालथ्या पडून आत हात घालत होत्या. शिंपणं करणाऱ्या बाईने ते पाहिलं. विधवा बाई आणि विहीर म्हटल्यावर तिला दुसरं काय वाटणार? तिने धावत येऊन बाईंच्या कमरेला मिठीच मारली. "बाय गो, असा नको करू! काय दुख हाय ता मना सांग!"

बाई वर आल्या त्या हातात नेच्याचं पान घेऊन. "अगं, दुःख कसलं? याची पाठ बघायची होती."

तेव्हापासून गाव त्यांना नेचेबाई म्हणू लागलं. मी ट्रेनिंग संपवून त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा त्यांचं खरं आडनाव मला शाळेच्या पाटीवरच वाचायला मिळालं.

विहिरीच्या दगडांतून, दगडी गडग्यांच्या फटींतून झुलणारी ती कातरलेली पानं आम्ही जन्मभर पाहिली होती. उलटून कुणी पाहिली नव्हती. बाई वर्गात प्रत्येक मुलीच्या हातात एकेक पान देत आणि म्हणत, "आता उलटं करा." पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा असत. एकदा यमू नावाच्या मुलीने विचारलं, "बाई, याला फूल नाही, बी नाही, मग पोरं कशी होतात?"

बाईंना असा प्रश्न म्हणजे सण. "या ठिपक्यांत भुकटी असते. ती ओल्या जागी पडते. पण तिच्यातून नेचा उगवत नाही हं! उगवतं ते भलतंच. नखाएवढं, बदामाच्या आकाराचं पातळ हिरवं पान, जमिनीला चिकटलेलं. त्याच्या पोटाशी नर आणि मादी दोन्ही असतात. वर पाणी पडलं की नर त्या पाण्यातून पोहत मादीकडे जातो. मग त्या पानातून खरा नेचा डोकं वर काढतो."

दुसऱ्या दिवशी यमूचे वडील शाळेत आले. "मुलींना हे नर-मादी कशाला?"

"पाऊस कशाला लागतो ते शिकवतेय मी," बाई शांतपणे म्हणाल्या. ते निघून गेले. यमू शाळेत येत राहिली.

हे सगळं बाई पुस्तकात वाचून सांगत. भुकटीपासून नेचा होताना त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. म्हणून आश्विनात त्यांनी कौलाचा एक तुकडा उकळून घेतला, त्यावर भुकटी शिंपडली, तो पाण्याच्या ताटलीत ठेवला, वर काचेची बरणी पालथी घातली. हे सारं शाळेच्या मागच्या खिडकीत असे. रोज सकाळी बाई त्या बरणीला नाक लावून बघत. इतक्या जवळून की मला हसू यायचं.

माघात शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला येणार म्हणून मी एकटीने शाळा झाडून पुसून लख्ख केली. खिडकीतल्या कौलावर शेवाळ धरलं होतं. मी ते काथ्याने घासून काढलं.

बाई आल्या, कौल हातात घेतलं आणि खाली बसल्या. मला काही कळेना. मग त्यांनी काचेचं भिंग घेऊन कौल कडेकडेने पाहिलं. कुठे काही उरलं नव्हतं.

"ते शेवाळ नव्हतं गं, कुसुम," एवढंच म्हणाल्या. आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्यांनी कागदाच्या पुडीत जपून ठेवलेली उरलेली भुकटी काढली आणि दुसरं कौल माझ्यापुढे ठेवलं. "आता तू पेर." पुडी सोडताना त्यांची बोटं ती चाचपत होती. तेव्हा त्यांनी मला सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हटलं होतं. वर्षभर दिसेल, फार तर.

मी रडले. त्या म्हणाल्या, "रडताना हात हलेल. भुकटी सगळीकडे सारखी पडायला हवी."

वैशाखात त्यांनी नोकरी सोडली आणि नागावला भावाकडे गेल्या. कौलावर तोवर नुसती हिरवी झाक होती. जाताना मला बजावलं, "बदाम दिसले की वरूनही पाणी शिंपड. नुसतं खालून दिलंस तर ते तसेच राहतील."

पावसाळ्यात बदाम दिसले. मी पाणी शिंपडत राहिले. आश्विनात एका सकाळी एका बदामाच्या खाचेतून केसासारखा देठ वर आलेला दिसला, टोकाशी वेटोळं घातलेला. पावसाळ्यात बंद असलेल्या बोटी सुरू झाल्या होत्या. मी रजा टाकली, कौल बरणीसकट टोपलीत घातलं, रेवदंड्याला उतरले आणि बैलगाडीने नागाव गाठलं.

बाई ओटीवर होत्या. माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली तेव्हाच मी समजले. मी बरणी काढली आणि त्यांचं बोट धरून त्या वेटोळ्याशी नेलं. बोट टेकलं, न टेकलं. माझं मन मला खात होतं. पहिलं कौल मी घासलं नसतं तर हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असतं. मी तसं म्हणालेही.

त्यांनी ते ऐकलंच नाही. "मुलींना दाखवलंस?"

"नाही. आधी तुमच्याकडे आणलं."

"शहाणी आहेस! दोन-चार दिवसांत उलगडेल ते. मग काय दाखवशील त्यांना? ऊठ, उद्याची बोट धर."

रात्री मला त्यांनी आपल्या हाताने वाढलं, आणि पहाटे टोपलीत ओल्या काथ्याची बैठक नीट बसली आहे का ते चाचपून पाहिलं. गाडी वळणावर गेली तरी त्या ओटीच्या पायरीवर उभ्या होत्या, भलतीकडे हात हलवीत. ती आमची शेवटची भेट.

तिसऱ्या प्रहरी मी शाळेत पोहोचले. दप्तरं आवरून घरी निघालेल्या मुलींना मी थांबवून घेतलं, आणि यमूला म्हटलं, "ये, तू आधी बघ."