बठ्ठा म्हणजे बसा नव्हे

दिवाळीनंतरच्या दुपारी धुळ्याच्या घरी आई आणि मी मागच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचो. आई म्हणजे माझ्या सासूबाई. शेजारणीशी त्या भराभर अहिराणीत बोलायच्या, खळखळून हसायच्या... आणि माझ्याकडे वळल्या की जपून, पुस्तकातल्यासारखं, "तुम्हाला चहा हवा का?"

सुनेला 'तुम्ही'! मी नाशिकची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मला अवघड जाऊ नये म्हणून त्या असं बोलत हे कळायचं, पण लग्नाला वर्ष उलटलं तरी त्या घरात मी पाहुणीच आहे असं वाटत राहायचं.

अशाच एका दुपारी हे ऑफिसातून आले ते तोरणमाळचा बेत ठरवूनच. तोरणमाळ तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. शहाद्याचे सुकलालभाऊ हौशी प्रवाशांना आपल्या जीपमधून सातपुड्याचं जंगल फिरवून आणायचे. ह्यांचे दोन मित्र येणार होते, आणि आईंना गोरखनाथाचं दर्शन घ्यायचं होतं.

मला मात्र जायचं नव्हतं. आधीचं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले असावेत अशी शंका होती, पण बोलून दाखवायचा धीर होत नव्हता... अगदी ह्यांच्याजवळसुद्धा. "रस्ता चांगला आहे गं," असं हे म्हणाले, म्हणून मी निघाले.

देवळापर्यंत रस्ता चांगला होताही. दर्शन झालं आणि सुकलालभाऊंनी जीप सरळ जंगलात घातली. सागाच्या वाळल्या पानांखाली दगड कुठे आणि खड्डा कुठे, हे त्यांनाच ठाऊक! "आते खरी मज्या शे!" म्हणून ते वळणावर वळण घेत होते, मित्र टाळ्या वाजवत होते.

मी मांडीवरची पर्स सावरण्याचं निमित्त करून दोन्ही हात पोटाशी धरून बसले होते. प्रत्येक दणक्याला मनात एकच... हे तरी राहू दे रे देवा.

मग एक जागा आली. वाटेची एक कड पावसात ढासळलेली, आणि त्या बाजूला खोल दरी. सुकलालभाऊंनी जीप थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं... एकदा बंद पडलं की ढकलावं लागायचं. पुरुषमंडळी उड्या मारून उतरली आणि पुढे चालत गेलीसुद्धा. मागे आम्ही दोघी, मध्ये सामानाचा ढीग.

सुकलालभाऊ पुढून ओरडले, "बठ्ठा...!" बाकीचं इंजिनाच्या घरघरीत बुडालं. पुन्हा ओरडले, "बठ्ठा...!"

मला वाटलं, हिंदीतल्या 'बैठो'सारखं काहीतरी असणार. म्हणजे बसा, घट्ट धरून बसा! आई तर उतरायला निघाल्या होत्या, एक पाय जमिनीला टेकलाही होता. मी त्यांना दंड धरून ओढलं. "आई, बसा! बसा म्हणताहेत ते!"

त्या वळून काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकूच आलं नाही. तेवढ्यात जीप हलली. आई क्षणभर तशाच, एक पाय खाली... आणि मग झटकन वर चढून मला चिकटून बसल्या. एक हात माझ्या पाठीमागून, दुसरा माझ्या पर्सवर.

जीप दरीकडे कलली. माझ्या बाजूला जमीन दिसेनाशीच झाली, नुसते झाडांचे शेंडे. चाकाखालून माती सुटल्याचा आवाज आला आणि मी डोळे मिटले. कानाशी आईंचा आवाज, "घाबरू नको माय... मी शे ना."

पलीकडे पोहोचल्यावर सुकलालभाऊ खाली उतरून मागे आले, आणि आम्हाला बघून मटकन दगडावरच बसले. "अक्का! तुम्ही गाडीमाच व्हतात? बठ्ठा उतरा, बठ्ठा उतरा, अशे वरडी ऱ्हायंतू ना मी!" आरशात त्यांना आईंचा खाली टेकलेला पाय दिसला होता. त्यांना वाटलं, दोघी उतरल्या.

बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे उतरा!

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण मला ते 'बसा' वाटलं हे कळल्यावर मित्रांसमोर सावरून म्हणाले, "हे बघा कॉन्व्हेंटचं मराठी!"

आईंनी तिथेच सुनावलं, "तिले शब्द समजना नही. पन तुले बायको गाडीमा शे, ते समजनं का?" मित्र हसत सुटले, हे मान खाली घालून सामान नीट लावू लागले.

मी हळूच विचारलं, "आई, तुम्हाला तर कळलं होतं. पाय टेकला होता... मग परत वर का चढलात?"

त्या पदराने माझं तोंड पुसत म्हणाल्या, "मंग तुम्हले दोन्हीसले सोडीसन कशी उतरू?"

दोन्हीसले... म्हणजे दोघांना. एक मी, आणि एक जे मी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं ते.

त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही.

आईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्यामागे कुणाला काय द्यायचं हा विषय मी काढला की घरातले सगळे मला गप्प करतात, म्हणून इथे चारचौघांसमोर लिहून ठेवते. आईंचा तांब्याचा हंडा नणंदेकडे जावा. ती मागणार नाही, तुम्हीच नेऊन द्या. माझी पैठणी धाकट्या जावेला.

आईंच्या पाटल्या माझ्या सूनबाईच्या. ती कोचीची आहे, आमचं निम्मं बोलणं तिला अजून कळत नाही... तेव्हा सांगत बसू नका, सरळ तिच्या हातात घाला.

आणि लेकी, तू रुसू नकोस. त्या जीपमध्ये तूही होतीस... तुझा वाटा तुला आईंनी तेव्हाच दिलाय.